उसाची ट्रॉली, जीप आणि मोटार : वाहनांच्या तोलाचा इतिहास

दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रस्ते उसाचे होतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांकडे बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक रात्रंदिवस चालू असतात. त्याच रस्त्यावर एस.टी. असते, काळी-पिवळी जीप असते, दुधाचा टँकर आणि तीनचाकी टेंपोही असतो. रस्त्याच्या कडेने सायकलवर किंवा पायी शाळेला निघालेली मुले असतात. कालव्यावरच्या एखाद्या वळणावर ही सारी वाहने एकाच वेगाने आली, तर एखादे सहज निघून जाते, एखादे घसरते आणि एखादे कलंडते. आपण बहुधा चालकाला दोष देऊन मोकळे होतो. चालकाचा दोष असतोही. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. तोच चालक मोटारीत बसून जे वळण सुखरूप घेतो, तेच वळण जीपमध्ये बसल्यावर त्याला धोक्याचे का ठरते?

या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, तसेच ते इतिहासातही आहे. प्रत्येक वाहन कोणत्या तरी विशिष्ट रस्त्यासाठी आणि विशिष्ट कामासाठी जन्माला आले. त्या रस्त्याची खूण त्याच्या अंगावर कायम राहते. पुढे काम बदलले, रस्ता बदलला, वेग वाढला, तरी अंगकाठी तीच राहते. हा इतिहास आपण आपल्याच दोन तालुक्यांच्या वाटेने पाहू.

काळ्या मातीतली गाडी

बारामती-इंदापूरचा मुलूख पर्जन्यछायेतला. दक्षिणेला नीरा, उत्तरेला भीमा आणि मधे बरीचशी जिरायत जमीन. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि कालव्याखालच्या काळ्या जमिनीत ऊस दिसू लागला. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून पिकाला चांगली. पण त्याच गुणामुळे चाकाला वाईट. ओली झाली की ती साबणासारखी घसरते आणि चाकाला चिकटून बसते. अशा वाटेवर चालणारे वाहन म्हणजे बैलगाडी.

बैलगाडीची रचना विचार करण्यासारखी आहे. तिची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. गाडी डावीकडे वळताना उजवे चाक लांबचा पल्ला जाते आणि डावे जवळचा. दोन्ही चाके आसाला घट्ट जोडलेली असती तर एकाला फरफटत जावे लागले असते. ती सुटी असल्याने ही अडचणच येत नाही. चाक मोठे असल्याने ते खड्ड्यात अडकत नाही, आणि आस उंच असल्याने तो चिखलाला टेकत नाही. ओढण्याचे काम चाकाकडे नसून बैलांच्या पायांकडे असते. म्हणून चाक जागच्या जागी फिरते आहे आणि गाडी हलत नाही, असा प्रकार बैलगाडीत घडूच शकत नाही.

गाडीवानाला तोलाचे ज्ञान अनुभवाने होते. ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाते. ओझे पुढे जास्त झाले तर बैलांच्या मानेवर भार येतो. उसाच्या मोळ्या रचताना तो हे सांभाळतो. मात्र मोळ्यांची रास जसजशी उंच होते, तसतशी गाडी आडव्या उतारावर डुलू लागते. बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालतात, म्हणून हे डुलणे सहसा निभावून जाते. उंच वाहन आणि कमी वेग अशी ती जोडी होती. पुढे बिघडली ती हीच जोडी.

वळणाची दोन कोडी

युरोपात चार चाकांच्या बग्ग्यांनी पहिले कोडे उभे केले. बग्गीचा पुढचा आस मधोमध एका खिळ्याभोवती फिरत असे. वळताना संपूर्ण आस तिरका होई, पुढची चाके गाडीच्या पोटाखाली जात आणि गाडीचा पुढचा आधार अरुंद होई. तीव्र वळणावर बग्गी उलटण्याचे हे एक मोठे कारण होते. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या कारागिराने त्यावर तोड काढली. आस स्थिर ठेवायचा आणि दोन्ही टोकांची चाके स्वतंत्र खिळ्यांवर वळवायची. लंडनमध्ये १८१८ साली रुडॉल्फ आकरमन यांनी त्याच्या वतीने पेटंट घेतले आणि त्यांचेच नाव त्या रचनेला चिकटले. आजच्या मोटारी, जीपा आणि ट्रक याच तत्त्वावर वळतात.

पण उसाच्या चारचाकी ट्रॉलीकडे नीट पाहा. तिचा पुढचा आस बहुधा फिरत्या चकतीवर बसवलेला असतो, म्हणजे जुन्या बग्गीसारखाच. ट्रॅक्टरने तीव्र वळण घेतले की ट्रॉलीचा पुढचा आधार अरुंद होतो, आणि तोही वर मोळ्यांची उंच रास असताना. दोनशे वर्षांपूर्वीचे कोडे आपल्या रस्त्यावर अजून फिरते आहे, ते असे.

दुसरे कोडे इंजिन आल्यावर उभे राहिले. आता ओढणारे बैल नव्हते, चाकालाच फिरवायचे होते. दोन्ही चाकांना इंजिनाचा जोर द्यायचा आणि तरी वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू द्यायचे, हे कसे साधणार? ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची एक रचना केली. तिलाच आपण डिफरन्शियल म्हणतो. ट्रकच्या मागच्या आसावर मधोमध जो गोल फुगवटा दिसतो, त्यात ती बसवलेली असते. तिच्यामुळे वळण सुकर झाले, पण एक उणीव आली. एक चाक चिखलात घसरू लागले की साधे डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर देते. चिखलातले चाक गरगर फिरते, कोरड्यावरचे चाक स्वस्थ उभे राहते आणि गाडी जागची हलत नाही.

चारही चाकांना जोर

चिखलावर आणखी एक उपाय होता. चाकाची पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते : घर्षण गुणांक आणि त्या चाकावर आलेला भार. समजा, माणसांसह १५०० किलोग्रॅम वजनाची एक गाडी आहे आणि तिचा निम्मा भार मागच्या चाकांवर आहे. ओल्या मातीचा घर्षण गुणांक ०.३ धरला, तर फक्त मागची चाके फिरत असताना जास्तीत जास्त ७५० × ०.३ म्हणजे २२५ किलोग्रॅम-भार इतकीच ओढ मिळेल. चारही चाके फिरत असतील तर १५०० × ०.३ म्हणजे ४५० किलोग्रॅम-भार मिळेल. चिखलाचा विरोध ३०० किलोग्रॅम-भार असेल तर पहिली गाडी रुतेल आणि दुसरी निघून जाईल. इंजिन दोन्हींत सारखेच आहे. फरक एवढाच की दुसऱ्या गाडीने आपले सगळे वजन कामाला लावले आहे.

इंग्लंडमध्ये ब्रामा जोसेफ डिप्लॉक यांनी १८९३ मध्ये चारही चाके फिरवणाऱ्या वाफेच्या गाडीचे पेटंट घेतले. १९०३ मध्ये नेदरलँड्समधील स्पायकर बंधूंनी पेट्रोल इंजिनाची तशी मोटार तयार केली. यातला कठीण भाग पुढच्या चाकांचा होता. त्यांना वळायचे असते आणि वळता वळता जोरही घ्यायचा असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ओटो झाको आणि विल्यम बेसरडिक या दोघांनी गोल कवचात बसवलेल्या लवचीक सांध्याने हे साधले आणि १९०८ मध्ये पेटंट मिळवले. त्यातून निघालेल्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात चिखलाच्या रणभूमीवर हजारोंनी वापरले गेले.

मग जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कारखानदारांकडे लहान, हलक्या, चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीची मागणी केली. मुदत अतिशय कमी होती. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावर पहिली गाडी बनवून २३ सप्टेंबर १९४० रोजी हजर केली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. हीच जीप. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर होते. डाव्या-उजव्या चाकांतले अंतर ४९ इंच, म्हणजे सुमारे १२४ सेंटिमीटर. आखूड असल्याने ती खळग्यांत अडकत नसे आणि थोड्या जागेत वळे. अरुंद असल्याने पाऊलवाटेने जाई. पोट उंच असल्याने दगडांवरून पार होई. शेतात आणि डोंगरात हे सगळे गुणच होते.

एक नाव उसाला आणि मोटारीला

महाराष्ट्रात मोटार आणि जीप जवळजवळ एकाच वेळी आकाराला आल्या, आणि मोटारीच्या कथेचा एक धागा इंदापूर तालुक्यातून जातो. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात नीरेकाठी कळंबजवळ उसाची मोठी शेती आणि साखर कारखाना उभा केला. तेच आजचे वालचंदनगर. त्यांना देशात मोटारी बनवायच्या होत्या. महायुद्धाच्या काळात सरकारकडून त्यांना साथ मिळाली नाही; तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईच्या कुर्ला भागात तिचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार करून आधी तिच्या मोटारी आणि ट्रक आणि मग इटलीच्या फियाटच्या मोटारी तिथे तयार होऊ लागल्या. १९७० च्या दशकात 'पद्मिनी' हे नाव मिळालेली फियाट याच घराण्यातली.

दुसरीकडे १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. या कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे ती इथेच बनवली. तहसीलदाराची जीप, पाटबंधारे खात्याची जीप, कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची जीप अशी तिची ग्रामीण महाराष्ट्रात ओळख झाली.

फियाट आणि जीप शेजारी उभ्या करून पाहिल्या तर त्यांचा जन्म कशासाठी झाला हे लगेच कळते. फियाट शहराच्या डांबरी रस्त्यासाठी बनली. तिचे शरीर हाच तिचा सांगाडा. त्यामुळे बैठक खाली आणि वजन जमिनीजवळ. दोन आसांतले अंतर २३४ सेंटिमीटर, म्हणजे जीपपेक्षा ३१ सेंटिमीटर जास्त. जीपला पोलादी चौकट असते. चौकटीखाली कमानपाट्या आणि अखंड आस, चौकटीवर इंजिन आणि बैठक. थरावर थर चढत गेल्याने गुरुत्वमध्य वर जातो. आखूडपणामुळे ती सुकाणूला चटकन प्रतिसाद देते. शेतात हे सोयीचे असते. पण वेगात असताना चालकाने घाबरून चाक फिरवले की ती गरजेपेक्षा जास्त वळते.

घसरणार की कलंडणार?

आता वळणाचे गणित पाहू. वळणावर टायर रस्त्याला बाहेर ढकलतो आणि रस्ता टायरला आत ढकलतो. हे अभिकेंद्री बल टायरच्या तळाशी लागते आणि गाडीचा गुरुत्वमध्य मात्र वर असतो. त्यामुळे गाडी बाहेरच्या चाकांवर कलंडू पाहते. तिचे वजन तिला परत खाली बसवू पाहते. दोन्ही बाजूंच्या चाकांतले अंतर रुंद असेल तर वजनाचे काम सोपे होते आणि गुरुत्वमध्य उंच असेल तर अवघड होते. म्हणून चाकांतल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की गाडीचा तोल सांगणारी एक संख्या मिळते. तिला आपण तोलांक म्हणू.

वर्गात करण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. मोटारीच्या चाकांतले अंतर १.४० मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.५० मीटर असेल तर तोलांक १.४ येतो. जीपचे अंतर १.२५ आणि उंची ०.६५ मीटर धरली तर तो सुमारे ०.९६ येतो. त्याच जीपमध्ये दाटीवाटीने माणसे बसली, टपावर सामान चढले आणि उंची ०.८५ मीटर झाली, तर तो ०.७४ वर उतरतो. उसाच्या ट्रॉलीचे अंतर १.६ मीटर आणि राशीसह गुरुत्वमध्याची उंचीही १.६ मीटर धरली तर तोलांक केवळ ०.५ उरतो.

कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षण गुणांक ०.७ च्या आसपास धरता येतो. ज्याचा तोलांक याहून बराच मोठा, ते वाहन उलटण्याआधी घसरते. ज्याचा तोलांक याहून लहान, ते घसरण्याआधी उलटते. घसरणे हीसुद्धा एक सूचना असते. टायर कुरकुरतात, चालकाला वेग कमी करण्याची संधी मिळते. ट्रॉली अशी सूचना देत नाही. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ०.७ घर्षण असताना मोटार ताशी सुमारे ४२ किलोमीटरला घसरू लागेल. ०.५ तोलांकाची ट्रॉली ताशी ३६ किलोमीटरच्या आतच उलटेल.

जीपचा तोलांक ०.९६ असेल तर ती सपाट डांबरावर सहसा घसरेल, उलटणार नाही. पण आपल्या रस्त्यांना साइडपट्ट्या असतात. डांबर वर आणि बाजूची माती खाली, अशी पायरी कित्येक ठिकाणी पडलेली असते. आडवी घसरत आलेली जीप मऊ मातीत रुतली किंवा पायरीला अडखळली, की चाके तिथेच थांबतात आणि वरचा भाग जडत्वाने पुढे जातो. अशा वेळी गणितातले ०.७ लागू राहत नाही. उंच गाड्या उलटण्याचे बरेच अपघात असे अडखळूनच होतात.

तीन चाकांच्या वाहनाचा विचार वेगळा करावा लागतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत १९९९ पासून पियाजिओचा कारखाना तीनचाकी वाहने बनवतो, तेव्हा हे उदाहरण आपल्या दारातलेच आहे. चार चाकांचा आधार चौकोनी, तर तीन चाकांचा त्रिकोणी. पुढे एक चाक असल्याने त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. गुरुत्वमध्य मागच्या आसापासून एक तृतीयांश पुढे असेल, तर कडेला मिळणारा आधार मागच्या रुंदीच्या सुमारे दोन तृतीयांशच उरतो. वळणावरच ब्रेक दाबला तर भार त्या निमुळत्या टोकाकडे ढकलला जातो. म्हणून अशा वाहनाचा वेग वळणाआधीच उतरवायचा असतो, वळणात शिरल्यावर नव्हे.

चार चाकांचा गैरसमज

चारही चाकांना जोर असलेली गाडी सर्वच बाबतींत सुरक्षित, अशी समजूत सगळीकडे आढळते. तिच्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक ब्रेकची. दोन चाकांनी चालणाऱ्या मोटारीलासुद्धा ब्रेक चारही चाकांना असतात. तेव्हा थांबण्याच्या बाबतीत चार चाकांच्या जोराचा काहीच फायदा नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ०.७ घर्षणावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते. पावसात घर्षण ०.४ झाले तर सुमारे ३५ मीटर लागतात. चार चाकांचा जोर ओल्या रस्त्यावर वेग पटकन वाढवू देतो, पण तो वेग कमी करताना कसलीच मदत करत नाही. चालकाला पकड भरपूर आहे असे वाटत राहते, आणि खरा धोका तिथेच असतो.

दुसरी चूक वळणाची. समजा, मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळतो आहे. जीपच्या लांबीप्रमाणे पुढच्या आसाचा मध्य सुमारे ५.४ मीटर त्रिज्येने जाईल. पाव वर्तुळात मागचा आस सुमारे ७.८५ मीटर आणि पुढचा सुमारे ८.४८ मीटर जातो. फरक ६२ सेंटिमीटरच्या आसपास. जुन्या जीपमध्ये पुढचा जोर जोडला की पुढचा आणि मागचा दांडा एकाच गतीने फिरतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत. मग दांडे पिळले जातात, सुकाणू जड होते आणि गाडी सरळ जाऊ पाहते. म्हणून जीपचा पुढचा जोर फक्त चिखलासाठी ठेवायचा असतो. पुढे काही गाड्यांत दोन्ही आसांच्या मधे तिसरे डिफरन्शियल बसवून ही अडचण दूर केली गेली.

शिवाय जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी चार चाकांनी चालत नाही. पुण्याच्या बजाज टेंपोची १९८० च्या दशकातली ट्रॅक्स आणि सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो, या ग्रामीण प्रवासाच्या दोन लाडक्या गाड्या. यांतल्या बहुसंख्य गाड्यांना जोर फक्त मागच्या चाकांना होता. जीपची उंची आणि चौकट त्यांनी घेतली. चिखलातले सामर्थ्य मात्र घेतले नाही. आठ-दहा माणसांसाठी बनलेल्या गाडीत त्याच्या दुप्पट माणसे बसली, टपावरही चढली, आणि तोलांक आणखी घटला. टपावर, पायरीवर किंवा बॉनेटवर बसून प्रवास करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२३ व्या कलमाने मनाई आहे. त्या कलमामागे हेच पदार्थविज्ञान आहे.

अनुभवातून आलेली सुधारणा

कलंडण्याचा प्रश्न जगभर उभा राहिला. जीपनंतर अमेरिकी सैन्याने १९६० च्या सुमारास एम १५१ ही गाडी घेतली. तिची मागची चाके झुलत्या आसांवर होती. जोरात वळताना ती आत मुडपत आणि गाडी उलटे. १९७० च्या सुमारास मागची रचना बदलावी लागली. निवृत्त झालेल्या या गाड्या लोकांना अखंड न विकता कापून मोडीत काढल्या गेल्या.

आपल्याकडे १९८५ मध्ये मारुती जिप्सी आली. ती सुझुकीच्या ज्या गाडीवरून घेतली, तिच्याच जातीच्या सामुराई या गाडीवर अमेरिकेतल्या एका ग्राहक संघटनेने १९८८ मध्ये सहज कलंडणारी असल्याचा ठपका ठेवला. कंपनीने तो अमान्य केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये ते आपसांत मिटले. वादात कोण बरोबर होते हे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९३ मध्ये जिप्सीच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर सुमारे ९ सेंटिमीटरने वाढवण्यात आले. आपल्या सूत्रात १.२१ च्या जागी १.३० घाला आणि उंची ०.६५ धरा : तोलांक ०.९३ वरून १.०० वर जातो. नऊ सेंटिमीटरचे मोल असे मोजता येते.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ पासून हीच संख्या मोजून गाड्यांना तारे द्यायला सुरुवात केली. बहुतेक मोटारींचा तोलांक १.३ ते १.५ मध्ये आणि उंच गाड्यांचा १.० ते १.३ मध्ये आढळला. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या मोटारींत एक नवी यंत्रणा आली. गाडी भलत्या दिशेने फिरू लागली की ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सावरते. या यंत्रणेने उंच गाड्यांचे उलटणे बरेच कमी केले. मात्र ट्रॉलीला, बैलगाडीला आणि रस्त्यावरच्या जुन्या जीपला ती नाही. तिथे कमी वेग आणि बेताची रास हेच उपाय आहेत.

ट्रॅक्टरबाबत आणखी दोन गोष्टी चालकाला ठाऊक हव्यात. सरीतून चढावर भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. ती उचलली गेली तर सुकाणू निकामी होते. आणि उतारावर ट्रॅक्टरने ब्रेक लावला, पण ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. अर्ध्या भरलेल्या दुधाच्या टँकरमध्ये हीच ढकलण्याची क्रिया आतले दूध करते. वळणावर ते बाहेरच्या बाजूला सरकते आणि गुरुत्वमध्यही सोबत नेते.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा सगळा विषय एका फळीवर शिकवता येतो. काड्यापेटीच्या आकाराचा लाकडी ठोकळा घ्या. ठोकळ्याची खालची रुंदी म्हणजे चाकांतले अंतर. तो खरखरीत फळीवर आडवा ठेवा, उताराकडच्या कडेला पातळ पट्टी चिकटवून त्याला घसरू देऊ नका, आणि फळी हळूहळू तिरकी करा. ठोकळा ज्या कोनाला कलंडेल तो कोनमापकाने मोजा. त्या कोनाची टॅन किंमत म्हणजेच तोलांक. आता वर मातीचा गोळा ठेवून पुन्हा मोजा. मग तोच गोळा खाली चिकटवून मोजा. वजन तेवढेच राहते आणि कोन बदलतो, हे मुलांना स्वतः दिसते. दुसऱ्या गटाला त्रिकोणी तळाचा ठोकळा द्या आणि तो वेगवेगळ्या बाजूंना कलंडवून पाहायला सांगा.

चाकांचे कोडे समजण्यासाठी दोन सारखी झाकणे एका काडीला घट्ट बसवा, आणि दुसरी दोन झाकणे काडीवर सुटी ठेवा. दोन्ही जोड्या वाळूच्या ताटात वळवून उमटलेले माग पाहा. घट्ट जोडीचा माग खरवडलेला दिसेल, सुट्या जोडीचा स्वच्छ.

त्यानंतर मुलांना गावातली उभी वाहने मोजायला पाठवता येईल. मीटरपट्टीने चाकांतले अंतर आणि राशीची उंची घ्यायची, आणि गुरुत्वमध्याचा अंदाज करून तोलांक काढायचा. ही मुले ऊस पिकवणाऱ्यांच्या, तोडणाऱ्यांच्या आणि वाहणाऱ्यांच्या घरांतली आहेत. यांतली काही पुढे ट्रॅक्टर, टेंपो, जीप चालवतील. बहुतेक सगळी याच रस्त्याने शाळेला येतात. राशीवर आणखी एक थर चढवण्याआधी, टपावर आणखी एक माणूस बसवण्याआधी किंवा भरल्या ट्रॉलीच्या बाहेरच्या बाजूने सायकल काढण्याआधी त्यांच्या मनात ०.५ आणि ०.७ या दोन संख्या आल्या, तर पदार्थविज्ञानाचा तास सार्थकी लागला असे आम्ही मानू.